आरशासारखी नळी

"लोखंडी सळई नळीला लावलीस तर याद राख!"

मामांचा आवाज मागच्या दारातून आला आणि माझ्या हातातली छत्रीची काडी तिथंच थांबली. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्ती म्हणायची पद्धत. लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते आणि तोवर मामांसमोर मी खुर्चीवरसुद्धा बसले नव्हते. आज मात्र परसदारी पोत्यावर फतकल मारून बसले होते. मांडीवर त्यांची पॉइंट टू टू रायफल होती आणि पदर कमरेला खोचलेला होता.

"मामा, ही छत्रीची काडी आहे. बारीक आहे."

"बारीक का जाड मी विचारलं न्हाई. लोखंड हाय का न्हाई?"

"आहे."

"मग ठेव खाली. नळीचं तोंड खरवडलं की गोळी कुठं जाईल त्याचा नेम न्हाई. एवढं कॉलेजात शिकवलं न्हाई व्हय?"

शिकवलं होतं. सांगलीला कॉलेजात असताना एनसीसीत मी तीन वर्षं रायफल चालवली होती आणि बऱ्यापैकी नाव काढलं होतं. तिथं नळी साफ करायला फुलतरू असायचा. फुलतरू म्हणजे एक दोरी, एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला चिंधी अडकवायचा फास. वजन नळीत सोडायचं, पलीकडून निघालं की ओढायचं. इचलकरंजीत आमच्या घरी यंत्रमाग चोवीस होते, पण फुलतरू एकही नव्हता. मामांचा जुना पितळी गज होता, तो कुणीतरी मागून नेला तो नेलाच.

एवढा खटाटोप कशासाठी, तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माळावरच्या मैदानात रायफल क्लबची स्पर्धा होती आणि बायकांचा गट पहिल्यांदाच ठेवला होता. क्लबची रायफल एक आणि तिच्यासाठी ताटकळणारी माणसं डझनभर. नवख्या सुनेच्या वाट्याला ती कशाला येतेय? घरची रायफल भिंतीवर लटकत होती, पण तिचा परवाना मामांच्या नावावर. ती मैदानात न्यायची तर मामांनीच न्यायला हवी. आणि मामांनी तीन वर्षांत मैदानाचं तोंड पाहिलं नव्हतं.

त्याची कथा आत्तींनी मला भाकरी थापता थापता सांगितली होती. मामा एकेकाळचे जिल्ह्यातले नामी नेमबाज. मग हळूहळू गोळी बहकायला लागली. मामा म्हणायचे, नळी गेली. एका स्पर्धेत गोळी कागदाच्या बाहेरच गेली, तेव्हा क्लबचे सेक्रेटरी शिंत्रे वकील चारचौघांत हसून म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं!" मामा तसेच उठले, रायफल पिशवीत घातली आणि घरी आले. तेव्हापासून वकिलांचं नाव घरात काढायचं नाही.

हे सगळं माहीत असूनही मी विचारलं, कारण न विचारता राहवेना. लग्न झाल्यावर रायफल सुटली, असं आईनं गृहीत धरलं होतं, मैत्रिणींनी धरलं होतं आणि माझे यजमान अरविंद यांनीही. ते कापडाच्या गाठी घेऊन मालेगावला गेले होते, जाताना म्हणाले, "बघ विचारून, पण ते नाही म्हणाले तर मनाला लावून घेऊ नकोस." मी तर आधीच मनाला लावून घेतलं होतं. या वेळी गेलं तर कायमचं गेलं, हे मला स्वच्छ दिसत होतं. पुढच्या दसऱ्याला कडेवर मूल असेल, त्याच्या पुढच्या दसऱ्याला मी कधी रायफल चालवत होते हे कुणाला आठवणारही नाही.

मामांनी बराच वेळ सुपारी चघळली आणि म्हणाले, "नळी मळलीय. वर्षानुवर्षाचं शिसं बसलंय आत. मी घासून थकलो. खंडेनवमीला हत्यारांची पूजा मांडतो, त्याच्या आत नळी माझ्या नजरेला आरशासारखी दिसली, तर मी स्वतः घेऊन येतो तुला मैदानात. न्हाई दिसली तर विषय संपला. एकदा पूजेत बसली की सीमोल्लंघन होईपर्यंत तिला हात लागायचा न्हाई."

"चालेल," मी म्हणाले. नको म्हणण्याऐवजी त्यांनी ही युक्ती काढली असावी अशी शंका आली होती, पण अट ती अट. मामांनी रायफलचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा मागचा दांडा, काढून कपाटात ठेवला, आत गोळी नाही हे दोनदा बघितलं आणि नळी माझ्या हवाली केली.

तर छत्रीची काडी बाद झाली. विणायच्या सुया अॅल्युमिनियमच्या होत्या, पण अर्ध्यातच संपत. बांबूची कामटी तासून बघितली, तिची कुसळं निघायला लागली. पॉइंट टू टूची नळी म्हणजे शिसपेन्सिलही आत जाणार नाही एवढी अरुंद आणि वर हातभर लांब. शेवटी मी स्वतःच फुलतरू करायचं ठरवलं. बॉलपेनची पितळी रिफिल कापून वजनाच्या जागी घेतली, मागाच्या सुताचे आठ पदर वळून दोरी केली आणि चिंधीसाठी मामांकडे कापड मागितलं.

मामांचा चेहरा खुलला. कापड हा त्यांचा प्रांत. "थांब," म्हणाले आणि शेडमधून कोरा करकरीत मांजरपाट घेऊन आले. "आपल्या मागावरचं हाय. बाजारात असलं मिळायचं न्हाई."

मी चिंधी कापली, फासात अडकवली, वजन मागून सोडलं, ते पुढून आलं. ओढलं. चिंधी दोन बोटं आत गेली आणि अडकली. मी जोर लावला. दोरी तुटली.

नळीत चिंधी अडकलेली रायफल म्हणजे नुसती काठी. काठीचा निदान आधार तरी घेता येतो. मामा समोरच उभे होते. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मला समाधान वाटलं आणि मला त्यांचा भयंकर राग आला.

"काय झालं गं?" आत्ती ओल्या हातानं बाहेर आल्या.

"घोडं अडलं," मामा म्हणाले.

आत्तींनी नळीच्या मागच्या तोंडात डोकावून बघितलं. "ती काय, हितंच तर दिसतीया," म्हणाल्या आणि आत जाऊन क्रोशाची सुई घेऊन आल्या. रुमालाच्या कडा विणायची, आकडेवाली, हाडाची. त्यांच्या आईची होती. मी ती आत घातली, चिंधीत आकडा रुतवला आणि हळूहळू ओढला. एक एक धागा करत चिंधी बाहेर आली. मला एवढा आनंद झाला की मी मामांसमोरच आत्तींच्या गळ्यात पडले.

"सोड, हात वले हाईत माझे," आत्ती म्हणाल्या. मग तो मांजरपाट बोटांत चुरून म्हणाल्या, "अवो, ह्याला खळ किती हाय! असलं ताठ कापड भांडं पुसायला तरी घेतं का कुणी? जुनेर पायजे ह्याला."

मामांना ते लागलं. "माझ्या कापडाला नावं ठेवू नको."

"कापडाला न्हाई ठेवत. पण बाळाच्या लंगोटाला कधी तुमचा मांजरपाट वापरला न्हाई मी."

घरात ठाणच्या ठाण कापड पडलं होतं, पण नळीला लागला तो शेवटी मामांचा विरलेला बनियन. त्याचे रुपयाएवढे गोल कापले. सुती दोरी मात्र मी टाकून दिली आणि संध्याकाळी बाजारातून जाड तंगूस आणली, मासे धरणारे वापरतात ती नायलॉनची. ती एवढी ताठ असते की वजनाची गरजच पडत नाही, टोक सरळ नळीतून पलीकडे जातं. तिचं एक टोक मी मेणबत्तीवर धरून वितळवलं, तसा त्याचा ज्वारीच्या दाण्याएवढा गोळा झाला. चिंधीला मधोमध भोक पाडायचं, दुसऱ्या टोकाकडून ओवायची, ती सरकत येऊन गोळ्याला अडते. ना गाठ, ना फास, तुटायची भीती नाही. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की ती तंगूस मी आत्तींना दोनदा दाखवली.

रॉकेलमध्ये बुडवलेली पहिली चिंधी कोळशासारखी काळी निघाली. दुसरी काळी, तिसरी राखाडी. पण शिसं नुसत्या कापडानं सुटत नाही, त्याला काहीतरी खरखरीत लागतं, आणि ते खरखरीत लोखंडाहून मऊ पाहिजे. इथं मात्र आमचं गाव कामी आलं. मागाच्या मोटारी जळतात, त्यांत नवी तार भरून देणारी दुकानं इचलकरंजीत गल्लोगल्ली. शेडच्या कोपऱ्यातच जळक्या मोटारीची तांब्याची तार पडली होती, केसासारखी बारीक. तिचा चुरगळा करून चिंधीवर गुंडाळला. तांबं पोलादाला ओरखडत नाही, पण शिसं खरवडून काढतं. ओढताना आतून कुरकुर असा आवाज आला आणि चिंधीबरोबर शिशाचे चंदेरी कण बाहेर पडले. मग पुन्हा रॉकेल, पुन्हा कोरडी चिंधी, शेवटी शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब. शेवटची चिंधी जशी गेली तशी पांढरी परत आली.

मी नळी आभाळाकडे धरली. आतले पेच मागून पुढपर्यंत वळत वळत गेलेले दिसत होते, नव्या स्टीलच्या पेल्यासारखे लखलखीत.

"मामा, बघा."

मामांनी रायफल घेतली. डावा डोळा मिटला, उजवा नळीला लावला. बराच वेळ बघितलं.

"अजून मळ हाय."

मी परत बसले. पुन्हा तांब्याची तार, पुन्हा रॉकेल. चिंध्या पांढऱ्याच येत होत्या. तरीही एवढ्या चिंध्या ओढल्या की बनियनच्या बाह्यासुद्धा संपल्या.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला सकाळी, माग बंद झाले. एरवी चोवीस तास खडखडणारं घर गप्प झालं, की आपल्या घरात बोलायलासुद्धा संकोच वाटतो. मागांना पाणी मारून झालं होतं, झेंडूच्या माळा चढत होत्या. कात्र्या, पाने, पकडी, सगळी हत्यारं पूजेसाठी एका पाटावर गोळा होत होती. मी रायफल घेऊन मामांपुढे उभी राहिले.

त्यांनी डावा डोळा मिटला. बघितलं. "धुरकट हाय."

"मामा, चिंध्या पांढऱ्या येताहेत."

"चिंधीचं मला सांगू नको. मला नळी धुरकट दिसतीया. मधोमध धुकं हाय नुसतं."

मग माझा बांध फुटला. सासरा म्हणून नाही, मोठं माणूस म्हणून नाही, काही बघितलं नाही मी. "मला न्यायचंच नसेल तर तसं सरळ सांगा ना," मी म्हणाले. "उगाच दोन दिवस घासायला कशाला लावलंत? मी नळी झिजेपर्यंत घासली तरी तुम्ही धुरकटच म्हणणार."

मामांचा चेहरा लाल झाला. "मी खोटं बोलतो म्हणतीस?"

"आणा हिकडं," आत्ती मध्ये पडल्या. हातातलं हळदीकुंकवाचं तबक खाली ठेवून त्यांनी रायफल घेतली आणि नळीतून आभाळाकडे बघितलं. "अगं बाई! कसली चकचकीत हाय!"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"नळीतलं न्हाई कळत. भांडं घासलंय का न्हाई ते कळतंय की." त्या नवऱ्याकडे बघायला लागल्या. "कुठल्या डोळ्यानं बघताय?"

"कुठल्या म्हणजे? नेमाच्या. उजव्या."

"डाव्यानं बघा."

"डाव्यानं कोण बघतं?"

"नळी दोन्ही डोळ्यांना एकच असती न्हवं? बघा म्हणते ना."

मामांनी वैतागून रायफल घेतली आणि उजवा डोळा मिटायचा प्रयत्न केला. तो मिटेना. चाळीस वर्षं त्यांनी नेम धरताना डावाच मिटला होता, उजवा एकटा मिटायची त्याला सवयच नव्हती. एक मिटायला गेले की दोन्ही मिटत, तोंड वाकडं होई. एरवी मला हसू आलं असतं. आत्तींनी पुढं होऊन आपला तळहात त्यांच्या उजव्या डोळ्यावर ठेवला.

"हं. आता बघा."

मामांनी बघितलं.

किती वेळ बघत होते कोण जाणे. मग रायफल न सोडता त्यांनी स्वतःच आत्तींचा हात बाजूला केला, उजव्या डोळ्यानं बघितलं. पुन्हा तो हात धरून डोळ्यावर ठेवला, डाव्यानं बघितलं. मग त्यांनी रायफल माझ्या हातात दिली आणि अंगणात जाऊन उभे राहिले. समोरच्या शेडवर त्यांच्याच वडिलांच्या नावाची पाटी होती. ती त्यांनी एक डोळा झाकून वाचली, दुसरा झाकून वाचली. माझा राग कुठल्या कुठे गेला. मला त्यांच्याकडे बघवेना.

दोन्ही डोळ्यांनी चालता-फिरताना, कापड बघताना डाव्यानं उजव्याचं सांभाळून घेतलं होतं. एकट्या उजव्यानं ते बघत ते फक्त दोनच वेळा, नेम धरताना आणि नळी तपासताना. आणि दोन्ही वेळा दोष नळीच्या माथी मारला होता.

आत्ती हलक्या आवाजात म्हणाल्या, "मोतीबिंदू असंल. माझ्या दादालाबी असाच झाला हुता. निघतो तो."

मामा परत आले. पाटाजवळ बसले. घसा खाकरून म्हणाले, "मी काय म्हणालो हुतो? माझ्या नजरेला आरशासारखी दिसली पायजे."

"हो, मामा."

"डावी नजरबी माझीच हाय." त्यांनी हात पुढे केला. "आण. पूजेला ठेवू. पास झाली."

रायफल पाटावर आडवी ठेवली, तिला कुंकू लावलं, फूल वाहिलं. मग इकडंतिकडं बघत म्हणाले, "ती तुझी तंगूस कुठाय?"

"ती कशाला मामा? ती आपली..."

"हत्यार हाय ते. आण."

ज्वारीएवढ्या गोळ्याची ती तंगूस त्यांनी वेटोळं करून रायफलशेजारी ठेवली आणि तिलाही कुंकवाचं बोट लावलं.

दसरा झाला, सीमोल्लंघन झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामांच्या लूनावर मागे बसून, रायफलची पिशवी मांडीवर आडवी धरून मी माळावर गेले. मैदानात शिरताना मामांचा वेग इतका कमी झाला की मला वाटलं, गाडी बंद पडतेय. पण ते वळले नाहीत.

सरावाची पहिली गोळी वर गेली. दुसरी उजवीकडे. तिसरी भलतीकडेच. एवढी घासली आणि आता हे काय? मागून मामांचा हळू आवाज आला. "घाबरू नको. घासलेली नळी पयल्यांदा नखरे करती. चार-सहा गोळ्या गेल्या की जाग्यावर येती. तू नेम बदलू नको."

मी नेम बदलला नाही. सरावाच्या गोळ्या संपता संपता एका जागी पडायला लागल्या, आणि मग मोजणीच्या गोळ्या मी कशा मारल्या मला आठवत नाही. एवढंच आठवतं, की दर गोळीनंतर मागून "हं" असा आवाज यायचा. त्यांना लांबच्या कागदावरचं काही दिसत नव्हतं, नुसत्या गोळीच्या आवाजावर ते हुंकार देत होते. बायकांच्या गटात मी दुसरी आले. पहिली आली ती कोल्हापूरची फौजदारीणबाई होती. तिच्यामागं दुसरी येणं म्हणजे कमी नव्हतं.

बक्षीस द्यायला शिंत्रे वकील आले. मामांना बघून त्यांचं हसू जरा अवघडलं. "काय विश्वनाथराव, बऱ्याच दिवसांनी! नळी सुधारली म्हणायची?"

आजूबाजूची चार माणसं वळून बघायला लागली. मामांनी नुसतं "हो" म्हटलं असतं, तरी सगळं साजरं झालं असतं. सुनेनं घासली, नळी सुधारली, वकील खोटे पडले. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा, हो म्हणा.

"नळी बरीच हुती, वकीलसाहेब," मामा म्हणाले. "डोळा गेला हुता माझा. मला कळलं न्हाई."

वकिलांनी मामांचा दंड धरला आणि म्हणाले, "चहा घेऊ." दोघं तंबूकडे गेले. बराच वेळ गेला तरी येईनात, तेव्हा मी पालथं पडून नेम धरायची चटई गुंडाळायला घेतली.

"राहू दे ती," मामा मागे येऊन उभे होते. मैदान रिकामं झालं होतं. त्यांनी टोपी काढून खिशात कोंबली, चपला काढल्या आणि चटईवर हळूच गुडघे टेकले.

"मामा, काय करताय?"

"डोळ्याचं ऑपरेशन व्हईल तवा व्हईल. वकील म्हणतो थंडीत कर. तोवर डावा हाय की." ते पालथे झाले, रायफल उचलून डाव्या खांद्याला लावली. ती तिथं नीट बसेना, नवीन सून सासरच्या उंबऱ्यावर अवघडते तशी. "शिकवशील का मला? मला हिकडनं काहीच येत न्हाई."

माझ्या हाताखाली त्यानंतर पुष्कळ मुली शिकल्या, राज्यापर्यंत गेल्या. तेव्हा मात्र मला शिकवणं कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं, आणि चटईवर माझे सासरे पालथे पडले होते. मी पदर खोचला आणि त्यांच्याशेजारी गुडघ्यावर बसले.

"पाय पसरा, मामा. उजवं कोपर रायफलच्या खाली घ्या. तेवढं नाही, आणखी आत."

"घेतलं, बाई," मामा म्हणाले, अगदी शाळेतल्या पोरासारखं, आणि थांबून राहिले, मी पुढचं सांगेपर्यंत.